माप कोण घेतं

"ती आत बसेल, चहा करेल, आणि डॉक्टरीणबाई गेल्या की बाहेर येईल," भाऊ म्हणाला. "यात एवढं रागवण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी सांगा."

टेबलाभोवती पाच माणसं होती, आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती अक्का, भाऊची थोरली बहीण, त्या पाचांतलीच एक होती. भाऊच्या अगदी समोर बसली होती, हातात पाण्याचा पेला घेऊन. पण भाऊ बोलत होता तो अशा थाटात, जणू अक्का दुसऱ्या गावाला राहते आणि तिला नंतर पत्रानं कळवायचं आहे.

"मी इथेच बसलेय," अक्का म्हणाली.

"तुलाच सांगतोय गं."

"मग 'ती' काय म्हणतोस? 'तू' म्हण."

भाऊने बायकोकडे बघून डोळे फिरवले. भावजयीनेही फिरवले. या दोघांचं एरवी मिठाच्या डबीवरूनही जमत नसे, पण अक्काचा विषय निघाला की नवरा-बायको अगदी एका सुरात यायचे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आणि एकमत व्हायचं ते फक्त अक्काच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला.

रविवारची सकाळ होती आणि चार वाजता मुलांच्या इस्पितळातल्या परदेशी डॉक्टरीणबाई कारखान्यात येणार होत्या. बाजारातले जोडे ज्यांच्या पायात बसत नाहीत, त्यांच्यासाठी या घरात जोडे होत. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, पाय वाकडे वळलेल्यांसाठी, बोटं गमावलेल्यांसाठी. इस्पितळ आता लहान मुलांच्या पायांसाठी वेगळा विभाग काढत होतं आणि त्यांना एकच कारखाना कायमचा जोडून घ्यायचा होता. डॉक्टरीणबाईंचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. त्यात एकच अट होती: जो माणूस स्वतः पायाचं माप घेतो, त्याच्याशी मला बोलायचं आहे.

आणि माप घ्यायची अक्का. गेली एकतीस वर्षं, वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून, या कारखान्यात आलेला प्रत्येक पाय तिच्या मांडीवर आला होता. भाऊ गल्ल्यावर बसायचा, चामडं आणायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. पायाला हात लावायची त्याला लहानपणापासून किळस होती, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असून कुणी उच्चारत नसे.

"पत्रात स्वच्छ लिहिलंय," अक्का म्हणाली. "माप घेणाऱ्याशी बोलायचंय. माप मी घेते."

"अगं, ते घरातल्या घरात ठीक आहे!" भाऊ म्हणाला. "ती बाई येणार, फाडफाड इंग्रजी झाडणार. तू तिला काय सांगणार आहेस? हाऊ आर यू? त्याच्यापुढे?"

"त्याच्यापुढचंही येतं मला."

यावर इंजिनियर हसला. इंजिनियर म्हणजे भाऊचा मुलगा. इंजिनियरिंगच्या कॉलेजातून दोन वर्षांत परत आला, पण नाव तेवढं चिकटलं. पुढे चार वर्षं त्याने परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी केली, त्यामुळे इंग्रजी मात्र लोण्यासारखं. आज पांढरा कोट घालून तो माप घेणारा म्हणून उभा राहणार होता. ठरलं होतं सगळं. कोट इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर टांगलेलाही होता, आणि अक्काला हे आत्ता, चहाच्या टेबलावर कळत होतं.

"आत्या, तू मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "नुसतं प्रेझेंटेशन आहे गं. काम तूच करणार आहेस."

"काम मी करणार आणि तोंड तुझं दिसणार!"

"तसं नाही..."

"तसंच आहे. तू कधी एका तरी पायाला हात लावलायस का रे?"

भावजय एवढ्यात उठली आणि कपाटावरची निळी वही घेऊन आली. अक्काची वही. तिने ती भाऊच्या हातात दिली, आणि ज्या गालातल्या गालात हसण्याने दिली, ते बघून अक्काला पुढचं सगळं कळलं.

"ऐका हं," भाऊने चष्मा लावला. "'शो मी द अदर फूट.' 'स्टँड अप, प्लीज.' 'व्हेअर डझ इट हर्ट?' 'सिन्स व्हेन?' अरे, हे काय इंग्रजी आहे? माणूस शिकतो तर 'ग्लॅड टू मीट यू' शिकतो, 'व्हॉट अ लव्हली डे' शिकतो. हिला दुसऱ्याच्या दुखण्याशिवाय काही विचारताच येत नाही!"

इंजिनियर खो खो हसला. भावजयीने तोंडाला पदर लावला. आठ महिने या वहीवर या घराची करमणूक चालली होती. अक्का बादली उचलताना 'लिफ्ट' पुटपुटली की भावजय शेजारणीला हाक मारून सांगायची. पुस्तक आणून दिलं होतं भाऊनेच, थट्टेने, मुलांचं, चित्रांचं. अक्काने ते दुसऱ्या दिवशी परत केलं. पहिल्याच पानावर 'आज हवा छान आहे' असं वाक्य होतं. हवा कशी आहे ते सांगायला मला इंग्रजी कशाला हवं, समोरच्याला खिडकी नाही का, असं ती म्हणाली होती आणि तेही घरात महिनाभर गाजलं होतं.

पण ती का शिकायला बसली, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी एक म्हातारी परदेशी बाई आली होती, सुजलेले पाय घेऊन. अक्काने पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबत गेली, आणि एका जागी बाईचा चेहरा बदलला. काय होतंय? ठणकतंय, जळजळतंय, की बधिर झालंय? तिन्हींसाठी जोडा वेगळा. बाई बोलत होती, डोळ्यांत पाणी आणून बोलत होती, आणि अक्काला एक शब्द कळत नव्हता. इंजिनियरला फोन लावला तर तो म्हणाला, "जरा टाइट होतंय म्हणते." बाई अर्धा तास बोलली त्याचं याने तीन शब्दांत आटोपलं! ते जोडे पंधरा दिवसांत परत आले. पाय हातात असून विचारता येत नाही, याची अशी लाज अक्काला जन्मात वाटली नव्हती.

तेव्हापासून एका जोड्यामागे एक वाक्य. भाऊच्या सुनेकडून, जी शाळेत मास्तरीण होती, दर गुरुवारी वाक्यं लिहून घ्यायची. मग लाकडी साचा घासताना म्हणायचं, चामडं ओलं करताना म्हणायचं, टाके घालताना म्हणायचं. जोडा तयार व्हायच्या आत वाक्य पक्कं झालं पाहिजे, नाहीतर जोडा दुकानात पुढे जायचा नाही. एकशे बारा जोडे झाले होते आणि एकशे बारा वाक्यं.

"तू बोल," अक्का मास्तरणीकडे वळली. "तुला माहितीये मला किती येतं. गेल्या गुरुवारी तूच म्हणालीस ना, आत्या, आता तुम्ही कुणाशीही बोलू शकता?"

मास्तरीण बशीतल्या बिस्किटाकडे बघत होती. एका बाजूला सासरा, एका बाजूला नवरा.

"येतं हो आत्यांना," ती हळूच म्हणाली. "पण... बाबा म्हणतात तसं, आजच्यापुरतं... दडपण येईल त्यांना. उगाच चारचौघांत फजिती नको."

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊचं हसणं तिने पचवलं असतं, तो जन्मभर हसतच आलाय. भावजयीचंही पचवलं असतं. पण ही! हिच्याकडून आठ महिने एकेक वाक्य घेतलं, हिच्या सगळ्या परीक्षांच्या वह्या तपासून होईपर्यंत उपाशी वाट बघत बसले, आणि वेळ आली तेव्हा ही मूग गिळून बसली.

"वही दे इकडे," ती भाऊला म्हणाली. वही घेतली, उठली, आणि जाता जाता दारात थांबली. "चहा करते मी. साखर किती घालायची तेवढं तरी मला विचारणार आहात का, की तेही इंजिनियर सांगणार?"

*

कारखान्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत गल्ला, चार खुर्च्या आणि आरसा. मागच्या खोलीत खरं काम: भिंतभर फळ्यांवर लाकडी पाय, एका ओळीत, लहान-मोठे, प्रत्येक कुणाच्या तरी पायाची हुबेहूब नक्कल. चामड्याचा आणि डिंकाचा वास. मध्ये लाकडी पडदी आणि तिच्यात दाराएवढी फट, तिला कापड लावलेलं. अक्का त्या कापडाच्या आत शेगडीशी उभी होती, आणि रागाने तिचे कान इतके गरम झाले होते की आधण तिथेच ठेवलं असतं तरी चाललं असतं.

चारला पाच कमी असताना गाडी थांबली. डॉक्टरीणबाई उंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांच्याबरोबर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, इथलीच.

पहिल्या दोन मिनिटांत अक्काला काही म्हणजे काही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंचं इंग्रजी नळ फुटल्यासारखं येत होतं आणि त्यात इंजिनियरचं मिसळून नुसती सळसळ. म्हणजे भाऊ खरं बोलत होता? एकशे बारा वाक्यं, आणि सगळी वाऱ्यावर? तिने शेगडी बारीक केली, डोळे मिटले, आणि गिऱ्हाइकाच्या पायावर अंगठा फिरवावा तशी त्या आवाजावरून सावकाश फिरू लागली. मग एक शब्द लागला. हील. मग दुसरा. स्किन. मग एक अख्खं वाक्य सापडलं: या मुलीला घोट्याखाली काही जाणवत नाही.

कापड हललं आणि तीच मुलगी आत आली.

"पाणी आहे?" तिने विचारलं. मग फळ्यांकडे बघून, "बापरे! एवढे पाय कुणाचे?"

"ज्यांचे त्यांचे. बस इथे." अक्काने पेला दिला, आणि हाताला सवयच अशी की पोरगी पाणी पीत होती तेवढ्यात तिच्या डाव्या पायातला जोडा काढून झाला. नवा होता. दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातला, चांगल्या चामड्याचा, शिलाईही सुबक. मोजा खाली केला. टाचेच्या मागे रुपयाएवढा फोड, फुटलेला, कडा लाल.

"हे कधीपासून?"

"काय?" मुलीने वाकून बघितलं. "अय्या! हे कुठून आलं?" आणि ती हसली. दुखतच नव्हतं तिला. दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तशी ती त्या फोडाकडे बघत होती.

"जोडा करताना माप कधी घेतलं होतं गं? सकाळी?"

"हो. शाळेच्या आधी."

आणि नेमकं त्याच वेळी पडदीपलीकडून डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आला. हळू, मोजून विचारलेला, त्यामुळे अक्काला शब्द न् शब्द कळला. तुम्ही माप कधी घेता?

"ऑल्वेज इन द मॉर्निंग," इंजिनियर म्हणाला, एकदम झोकात. "फर्स्ट थिंग. व्हेन द फीट आर फ्रेश."

अक्काच्या हातातला जोडा तसाच राहिला. सकाळी! अण्णांच्या वेळेपासून या कारखान्यात एकाही पायाचं माप दिवस कलायच्या आत घेतलेलं नव्हतं. पाय दिवसभर चालतो, उभा राहतो, सुजतो. सकाळच्या मापाचा जोडा संध्याकाळी पायाला खातो. एवढं तर समोरचा चहावालाही सांगेल. पण इंजिनियर संध्याकाळी सहानंतर कारखान्यात कधी फिरकला असेल तर ना!

"अँड द चिल्ड्रन हू कॅनॉट फील?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सेम प्रोसेस. वी सिम्पली आस्क देम इफ इट हर्ट्स."

दुखतं का विचारतो म्हणे. जिला कळतच नाही तिला! समोर पोरगी पाय हलवत पाणी पीत होती आणि तिच्या टाचेतून मोज्यावर रक्त उतरलं होतं.

अक्काने मुलीला कडेवर घेतलं. सात-आठ वर्षांची मुलगी, आणि अक्का बासष्टची, पण त्या क्षणी तिला डॉक्टरीणबाईंनाही उचलता आलं असतं. दुसऱ्या हातात जोडा घेऊन ती कापड सारून बाहेर आली.

"अक्का, चहा झाला की हाक..." भाऊ गल्ल्यावरून अर्धवट उठला.

"खाली बस," अक्का म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली. "एक्सक्यूज मी. नॉट मॉर्निंग. नेव्हर मॉर्निंग. इव्हिनिंग."

डॉक्टरीणबाईंनी इंजिनियरकडे बघितलं, मग तिच्याकडे. इंजिनियरने हसून काहीतरी सफाईदार सुरू केलं, त्यातलं 'माय आंट' आणि 'टी' एवढं अक्काला कळलं, आणि तेवढं पुरे होतं.

"आय ॲम नॉट टी," अक्का कडाडली. वाक्य चुकलंय हे तिला म्हणतानाच कळलं, पण मागे घ्यायला वेळ कुणाला होता! तिने मुलीला खुर्चीत बसवलं, खाली जमिनीवर बसली, पाय मांडीवर घेतला आणि टाच डॉक्टरीणबाईंपुढे धरली. "लुक. धिस शू, मॉर्निंग शू. शी डझ नॉट फील. शी कॅनॉट से इट हर्ट्स. सो वी डोंट आस्क." तिने फोडाकडे बोट केलं. "वी डोंट आस्क. वी लुक. एव्हरी इव्हिनिंग, वी लुक."

डॉक्टरीणबाईंनी फोड बघितला. त्यांच्याही लक्षात आलेला नव्हता. गाडीतून उतरेपर्यंत तो बहुधा फुटलाच नव्हता. त्यांनी हातातली वही मिटली आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी सरळ जमिनीवर बसल्या, अक्काच्या शेजारी.

"स्लोली, प्लीज," त्या म्हणाल्या. "हू टेक्स द मेझर हिअर?"

"आय डू."

"सिन्स व्हेन?"

"थर्टी-वन इयर्स."

मग अर्धा तास त्या दोघी जमिनीवर होत्या. डॉक्टरीणबाई एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या. अक्काला कळलं तर ती उत्तर द्यायची, नाही कळलं तर "अगेन" म्हणायची, बिनदिक्कत, आणि त्या पुन्हा सांगायच्या. शब्द अडला तिथे अक्काने मागच्या खोलीतून लाकडी पाय आणून दाखवला. मुलगी मध्येच दोघींची भाषांतरं करू लागली, अर्धी चुकीची, आणि तिघी हसल्या. भाऊ गल्ल्यामागे उभा होता. इंजिनियर पांढऱ्या कोटात भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या लोण्यासारख्या इंग्रजीची कुणाला गरज पडली नाही.

उठताना डॉक्टरीणबाईंचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"अँड द यंग मॅन?"

इंजिनियरच्या कपाळावर घाम आला. 'लायर' हा शब्द अक्काला येत होता. एकशे बारामध्ये नव्हता, पण भाऊच्या टीव्हीवरून रोज कानावर पडायचा. जिभेवर अगदी आलाही. तिने भाच्याकडे बघितलं, त्याच्या त्या कडक कॉलरकडे, आणि चार माणसांत घरातल्या पोराची साल काढायचं तिच्याच्याने होईना.

"माय नेफ्यू," ती म्हणाली. "ही इज लर्निंग."

*

डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात पहिली तीन मुलं पाठवणार होत्या, संध्याकाळी, आणि जाताना कारखान्याकडे बोट न दाखवता अक्काकडे दाखवून म्हणाल्या होत्या, हिच्याकडे. गाडी वळली न वळली तोच भाऊने दोन्ही हात पसरले.

"वा वा वा! अक्का! काय बोललीस गं! आपल्या घरात एवढं रत्न..."

"मी तर कधीची म्हणत होते," भावजय मागच्या दाराने आत येत म्हणाली. ती आणि मास्तरीण अंगणातून सगळं ऐकत होत्या. "ही वही बघितली तेव्हाच म्हटलं होतं मी, अक्का काहीतरी करून दाखवणार."

"कधी म्हटलंत?" अक्काने विचारलं.

"अहो, मनात."

"आणि तू!" भाऊ मुलावर घसरला. "तुला कुणी सांगितलं होतं सकाळ-सकाळ करायला? घालवलं असतंस हातचं!"

"मला काय माहीत?" इंजिनियरने कोट ओरबाडून काढला. "मला उभं कुणी केलं? तुम्हीच ना? माप कधी घेतात हे तुम्ही तरी सांगितलंत का मला? तुम्हाला तरी माहितीये का?"

"आवाज खाली!"

"अहो, त्याला कशाला ओरडता," भावजयीने लगेच बाजू बदलली. "सगळी टूम तुमचीच होती."

पाच मिनिटांत घर उलटंपालटं झालं होतं. सकाळी चौघं एका बाजूला आणि अक्का एकटी. आता चौघं चार दिशांना, आणि प्रत्येकाला अक्काच्या शेजारी उभं राहायचं होतं. ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. खरं तर तिने खूश व्हायला हवं होतं. पण तिचा राग उतरायच्या ऐवजी चढतच चालला होता.

मास्तरीण जवळ आली. "आत्या, सकाळी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," अक्का म्हणाली.

मास्तरणीला वाटलं असावं की पुढे 'जाऊ दे' येईल. ते आलं नाही. तिने मान खाली घातली.

"अगं, आता कशाला मागचं उगाळता," भाऊ म्हणाला. "शेवट गोड झाला ना? आजपासून इंग्रजी गिऱ्हाईक आलं की अक्का पुढे. पाटीवर नाव घालू तिचं. आपल्याला काय माहीत तिला एवढं इंग्रजी येतं म्हणून! माहीत असतं तर आम्ही कशाला..."

"थांब," अक्का म्हणाली. "आणि नसतं आलं तर?"

"म्हणजे?"

"इंग्रजी. मला एक शब्द आला नसता, तर मी आत चहाच करत राहायचं होतं? इंग्रजी आलं म्हणून आज मी माणसांत आले, होय रे? माप घ्यायला इंग्रजी लागत नाही! एकतीस वर्षं मी माप घेतलं ते कुठल्या भाषेत घेतलं? ती डॉक्टरीण माझ्या इंग्रजीवर भाळली असं वाटतं तुला? आय ॲम नॉट टी म्हणाले मी तिला! ती त्या टाचेकडे बघत होती. तुम्ही कुणी तरी बघितलंत का त्या टाचेकडे? पोरगी तुमच्यासमोरून चालत आत आली!"

इंजिनियरने हातातला कोट खुर्चीवर टाकला.

"शिकले ते मी माझ्या पायांसाठी. तुमच्यासमोर मिरवायला नाही. मला पाटीवर नाव नकोय."

"बरं बाई, सॉरी," भाऊ म्हणाला. "चुकलं. सॉरी. झालं समाधान?"

"सॉरी नको. तो शब्द मी पहिल्या आठवड्यात शिकले, फार हलका आहे. धक्का लागला तरी म्हणतात. तू आपल्या भाषेत बोल. सकाळी पोराला शिकवलंस ना, माप मी घेतो म्हणून सांग? आता खरं काय ते सांग. याला सांग, हिला सांग. माप कोण घेतं?"

"सगळ्यांना माहितीच आहे की."

"मग म्हणायला काय जड जातंय?"

भाऊने कपाळ पुसलं. बायकोकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मुलाकडे बघितलं, तो बापाकडेच बघत होता, एकटक.

"माप..." भाऊ पुटपुटला. "माप अक्का घेते."

"मोठ्यानं. आणि माझ्याकडे बघून."

"आमच्याकडे माप अक्का घेते."

"कधीपासून?"

आता तो 'अण्णा गेल्यापासून' म्हणेल आणि संपेल, असं तिला वाटलं. घरात तेच म्हणायची पद्धत होती. ती स्वतः तेच म्हणत आली होती, आजही डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं होतं. पण भाऊ गल्ल्यामागच्या खुर्चीत बसला.

"अण्णा होते तेव्हापासून," तो म्हणाला. "त्यांचे हात कापायला लागले तेव्हापासून. शेवटची चार वर्षं अण्णांच्या नावाने जे जोडे गेले, ते सगळे तुझे होते."

हे तिच्याशिवाय आणि अण्णांशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, माप अण्णाच घेतात, ही नुसता पाय धरते. अण्णांनी शपथ घातली होती, आणि ती तिने आजवर पाळली होती. गावाला अण्णांच्या हाताचं एवढं कौतुक, ते जाऊ नये म्हणून.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं होतं. दार उघडं होतं. अण्णा नुसते बसून होते आणि तू त्यांच्यासमोर जमिनीवर, गिऱ्हाइकाचा पाय घेऊन. तेवीस वर्षांचा होतो मी."

"म्हणजे पस्तीस वर्षं तुला माहितीये."

"हो."

"आणि अण्णा गेल्यावर सगळं गाव माझ्या तोंडावर म्हणायचं, आता तो हात राहिला नाही. तू शेजारी उभा असायचास. तू माना डोलवायचास!"

भाऊने आत्ताही मान डोलावली, पण या वेळी खऱ्याला.